रात्रीचा पशुवैद्यक महाग का? आधी हिशेब मांडा

रात्री दोनला नेरुळमध्ये कुत्र्याचं पोट फुगलं, तर सकाळपर्यंत थांबता येत नाही. बिल बघून मालक म्हणतो, "लुटलं!" खरंच लुटलं का, ते बघू.

समजा डॉक्टर, मदतनीस, भाडं, वीज धरून एका रात्रीचा खर्च ६,००० रुपये. तीन कुत्री आली तर प्रत्येकी २,०००. एकच आलं तर सगळे ६,००० त्याच्यावर. औषधं, एक्स-रे वेगळे. आणि कुणीच आलं नाही तरी पगार चुकत नाही!

मग यात तुमचा धंदा कुठे? चार दवाखान्यांनी रात्रपाळी वाटून घेतली तर पेशंट एकाच ठिकाणी येतील, दर उतरेल. ही जुळवाजुळव कुणीतरी करायला हवी. दुसरं, गाडी. परळचं बाई साकरबाई हॉस्पिटल जुनं, महालक्ष्मीचं टाटांचं २०२४ चं, दोन्ही खाडीपलीकडे. अपरात्री आजारी कुत्रं घेऊन जाईल असा गाडीवाला शोधून बघा, मग कळेल.

गाडीत इंजेक्शन टोचायच्या भानगडीत मात्र पडू नका. १९८४ च्या कायद्याने ते काम नोंदणीकृत पशुवैद्यकाचं.

आजचा गृहपाठ: तुमच्या नोडमधल्या पाच दवाखान्यांना फोन करा, रात्री कोण उघडं असतं आणि किती घेतं ते विचारा, वहीत लिहा.