गार्ड आणि वॉर्ड

बँकेच्या दाराशी उभा असलेला गार्ड आणि इस्पितळातील वॉर्ड ह्यांचे काही नाते असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः हे दोन्ही शब्द एकाच कुळातले. प्राचीन जर्मानिक भाषांत ‘राखणे’ ह्या अर्थाचा एक धातू होता. इंग्लंडात त्यापासून ‘वॉर्ड’ झाला. फ्रँक लोकांबरोबर तोच धातू फ्रान्सात गेला आणि तेथे आरंभीच्या ‘व’चा ‘ग’ झाला. त्यातून ‘गार्ड’ निपजला. १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांच्या बोलीत मात्र ‘व’ टिकून होता. म्हणून इंग्रजीत ‘गार्डियन’ही आहे आणि ‘वॉर्डन’ही!

‘वॉर्ड’चा अर्थ तर मोठ्या गमतीने पालटला. आधी पहारा, मग राखलेली जागा, आणि पुढे ज्याची राखण करावयाची ते मूल. मराठीतील ‘पालक’ व ‘पाल्य’ ही अशीच जोडी. दोघांचा धातू ‘पाल्’.

भारतात १८९० सालचा ‘गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्ट’ हा कायदा आजही चालू आहे. अज्ञान, म्हणजे कायद्याने वयात न आलेले मूल कोणाच्या हाती सोपवावे, हे ठरविताना न्यायालयाने त्याचे हित पाहावे, असे हा कायदा सांगतो. मूल स्वतःचे मत बनविण्याइतके जाणते असेल, तर त्याची इच्छाही न्यायालय विचारात घेऊ शकते.