जखमेचा खरा रंग : रुग्णालयीन छायाचित्रणातील प्रकाशाचे महत्त्व

रुग्णालयांच्या अहवालांत उपचारापूर्वीचे व उपचारानंतरचे अशी दोन छायाचित्रे शेजारी शेजारी छापण्याची प्रथा आहे. ती पाहून देणगीदारांना समाधान वाटते आणि रुग्णांच्या नातेवाइकांना धीर येतो. परंतु या दोन चित्रांत दिसणारा फरक जखमेतील आहे की प्रकाशातील, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

वैद्यक व छायाचित्रण यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्य असून त्या संस्थेतील नामवंत छायाचित्रकारही होते. त्या काळी चित्रांत रंग नव्हते. आज रंग आहेत, आणि त्यांवर उपचाराचा निर्णय अवलंबून असू शकतो.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. तरीही मानोरा वा रिसोड तालुक्यातील रुग्णाला विशेषज्ञाच्या सल्ल्यासाठी पुष्कळदा अकोला किंवा नागपूर गाठावे लागते. प्रवासखर्च व बुडणारी मजुरी वाचावी म्हणून छायाचित्र पाठवून सल्ला घेणे सोयीचे ठरते. समजा, सोयाबीन सोंगताना धसकट लागून एखाद्या मधुमेही शेतकऱ्याच्या तळपायाला जखम झाली. पायाची संवेदना कमी झाल्याने ती उशिरा लक्षात येते. अशा जखमेतील लाल भाग सामान्यतः नव्याने भरून येणाऱ्या मांसाचा, पिवळसर भाग मृत पेशींच्या थराचा, तर काळा भाग निर्जीव ऊतींचा असतो. दूरस्थ शल्यचिकित्सकापुढे हे रंगच असतात. ते चुकीचे उतरले तर सल्लाही चुकण्याचा धोका असतो.

रंग चुकतात ते प्रकाशामुळे. साध्या बल्बचा प्रकाश सुमारे २,७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर असतो. मध्यान्हीचा सूर्यप्रकाश सुमारे ५,५०० केल्विनचा असतो. काही ट्यूबलाइटमध्ये हिरवट छटा असते, आणि वॉर्डातील हिरवा पडदा त्यात भर घालतो. माणसाचा डोळा हा फरक बराचसा सावरून घेतो. कॅमेरा मात्र अंदाज करतो, आणि तो दर वेळी सारखा नसतो. अनेक मोबाइल तर त्वचा आपोआप उजळ करतात.

यावर उपाय म्हणजे स्टुडिओ फ्लॅश. त्याचा प्रकाश दिवसाच्या प्रकाशाच्या जवळचा असतो व त्याची तीव्रता ठरवून ठेवता येते. मात्र अंतरही ठरलेले हवे; फ्लॅश दुप्पट दूर नेल्यास रुग्णावर पडणारा प्रकाश सुमारे एक चतुर्थांश उरतो. शटरचा वेग सेकंदाचा १२५ वा भाग ठेवून छिद्र लहान केल्यास खोलीतील दिव्यांचा प्रभाव नगण्य होतो. फ्लॅश पूर्ण भारित होण्याआधी चित्र घेतल्यास ते काळवंडते. म्हणून वीजदाब कमी असताना तयारीचा दिवा लागल्यावरही काही क्षण थांबावे.

सावळ्या त्वचेबाबत विशेष दक्षता हवी. जंतुसंसर्गाची लाली अशा त्वचेवर अनेकदा केवळ गडदपणा म्हणून दिसते. पांढऱ्या चादरीवरील सावळा पाय स्वयंचलित कॅमेरा आणखी काळा करतो, आणि हे सूक्ष्म लक्षण लोपते. यासाठी जखमेशेजारी मोजपट्टी व करडे कार्ड ठेवून पहिले चित्र घ्यावे. १९७६ पासून प्रचलित असलेला २४ रंगचौकटींचा तक्ता मिळाल्यास उत्तम. त्याच्या आधारे संगणकावर रंग जुळवता येतात, आणि सहा महिन्यांनंतरचे चित्रही त्याच मापाने तपासता येते.

या साऱ्याचा संबंध देणगीदारांशीही आहे. मंद दिव्यातील पहिले चित्र व लखलखीत प्रकाशातील दुसरे चित्र यांची तुलना, हेतू शुद्ध असला तरी, दिशाभूल करते. उपचाराचा लाभ जेवढा झाला तेवढाच दिसावा, ही देणगीच्या हिशेबाइतकीच महत्त्वाची बाब आहे. विश्वस्तांनी कॅमेऱ्याची खरेदी मंजूर करताना फ्लॅश, तिपाई व रंगतक्ता यांचीही तरतूद करावी. नातेवाइकांना विनंती आहे की, छायाचित्रास लेखी संमती देताना त्याचा उपयोग कशासाठी होणार, हे अवश्य विचारावे. आणि तपासणीच्या वेळी कार्ड मांडण्यासाठी दोन मिनिटे अधिक लागल्यास सहकार्य करावे.