चिठ्ठी न मागणारा मेडिकलवाला

परकराची नाडी जिथे बसते तिथे पावसाळ्यात गजकर्ण उठलं. डोंबिवलीतल्या दमट हवेत, लोकलच्या गर्दीत ते होणारच. आमच्या मेडिकलवाल्याने दोन शब्द ऐकले आणि खणातून ट्यूब काढली. "वहिनी, ही लावा, खाज गेलीच समजा." खाज गेलीही. ट्यूब संपली की परत यायची, आधीपेक्षा जास्त. पुढे पुढे तर मी दुकानात शिरले की त्याचा हात आपोआप त्या खणाकडे जायचा. एवढे महिने ही कशावर लावताय, असं त्याने एकदाही विचारलं नाही.

चट्टे पोटावर, मांड्यांवर पसरले. गजकर्णाची ती उठलेली गोल कडही राहिली नाही, नुसता तांबूस पसारा. शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ब्लेडने हलकेच खरवडून पापुद्रे काचपट्टीवर घेतले, वर औषधाचा थेंब टाकला आणि मलाच सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. फाटे फुटलेले बारीक दोरे एकमेकांत गुंतलेले. ती बुरशी. जी मारायला मी रोज मलम चोळत होते, ती तिथे मजेत वाढत होती.

मग त्यांनी ट्यूब मागितली. मागे बारीक अक्षरांत चार नावं: क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. गजकर्णाच्या कामाचं त्यातलं फक्त शेवटचं. पहिलं स्टेरॉइड, तेही लावायच्या स्टेरॉइडांतल्या सर्वांत जहाल गटातलं. त्याने लाली आणि खाज दबते, आणि सोबत त्वचेची बुरशीशी लढायची ताकदही दबते. वर कातडी पातळ होते. माझ्या जांघेत बाळंतपणानंतर पोटावर पडतात तसे चरे पडलेत. ते फिके होतील, पुसले जाणार नाहीत.

ट्यूबवर लाल पट्टा आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलं आहे. हे वाचायची जबाबदारी विकणाऱ्याची, खाजेने हैराण झालेल्या बाईची नव्हे. लावायच्या औषधांना पूर्वी यातून पळवाट होती, पण मार्च २०१८ मध्ये केंद्राने १४ स्टेरॉइड मलमांपुरती ती बंद करून त्यांना शेड्यूल एचमध्ये घेतलं. हे त्याला माहीत नव्हतं? मी विचारायला गेले तर म्हणाला, "तुम्हीच तर मागून नेत होतात." मी मागितलं होतं ते गजकर्णाचं मलम. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, तसा त्याचा आवाज खाली आला: "सगळेच विकतात हो." बिल कधी मागितलं तर "एवढ्याशाचं काय बिल" हे ठरलेलं. आता कळतं का ते.

म्हणून सांगते, मलमाचंही बिल घ्या, बॅच नंबरसकट. ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं तर चिठ्ठीशिवाय हात लावू नका. जुनी ट्यूब फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. घरात एकाला झालं तर सगळ्यांना तपासा. माझ्या यजमानांना माझ्याच टॉवेलमुळे झालं. कपडे वेगळे धुवा, कडक उन्हात वाळवा. चट्टा दिसेनासा झाला म्हणून औषध सोडू नका. आणि स्वच्छता ठेवा, हे काही वेगळं सांगायला नको.

स्टेरॉइड वाईटच असंही नाही. सोरायसिसला, इसबाला डॉक्टर तेच देतात, पण कुठे, किती, कधीपर्यंत हे सांगून.

चेहऱ्याचं तर फारच जपा. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला त्याच दुकानातून "गोरं करणारी" ट्यूब मिळाली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. आता उन्हात गेली की तोंड लालबुंद होतं, गालावर मुरमं आणि लव आली आहे. लावायचं थांबवलं की आग आग होते. असं झालं असेल तर एकदम मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडूनच सोडवून घ्या.

तिच्या आईकडे बिल होतं. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आम्ही दोघींनी मिळून तक्रार दिली आहे. दुकानात फार्मासिस्ट कधी दिसत नाही, हेही त्यात लिहिलं आहे.