अनेक यंत्रांची एकसूत्री व्यवस्था : पपेट सर्व्हर व त्याचे एजंट

शाळेच्या संगणक कक्षात अथवा एखाद्या कार्यालयात लिनक्सवर चालणारी ४० यंत्रे असली, तर बसविल्याच्या दिवशी ती एकसारखी असतात. वर्षभराने तशी राहत नाहीत. कोणी एखादी आज्ञावली काढून टाकतो, कोणी घड्याळाची मांडणी बदलतो, एखाद्या यंत्रावर सुरक्षेची दुरुस्ती बसवावयाची राहून जाते. प्रत्येक यंत्रापुढे बसून हे दोष शोधणे कष्टाचे तर आहेच. शिवाय केलेल्या कामाची नोंदही मागे राहत नाही.

या अडचणीवर ओस्लो येथे मार्क बर्जेस यांनी १९९३ साली ‘सीएफइंजिन’ ही प्रणाली रचली, व २००५ साली ल्यूक कॅनिस यांनी ‘पपेट’ पुढे आणली. यंत्राने कोणकोणती कृती करावी हे सांगण्याऐवजी यंत्र कोणत्या स्थितीत असावे हे एकदा लिहून ठेवावयाचे, हे तिचे तत्त्व होय. पपेट म्हणजे कळसूत्री बाहुली; तथापि येथे दोरी वरून ओढली जात नाही. प्रत्येक यंत्रावरील ‘एजंट’ दर ३० मिनिटांनी स्वतःच मध्यवर्ती सर्व्हरकडे जाऊन आपली माहिती देतो, आपल्यासाठी तयार झालेली स्थितीची यादी घेतो, जेथे फरक आढळेल तेथेच दुरुस्ती करतो व अहवाल पाठवितो. २०२२ मध्ये परफोर्स कंपनीने पपेट विकत घेतले. पुढे तयार पॅकेजे पूर्वीसारखी खुली मिळेनाशी झाल्यावर स्वयंसेवकांनी २०२५ च्या आरंभी ‘ओपनव्हॉक्स’ हे तिचे मुक्त रूप सुरू केले. त्याची घडण जवळजवळ तीच आहे.

सर्व्हरची उभारणी करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. सर्व यंत्रांची घड्याळे जुळलेली असावीत आणि प्रत्येक यंत्राला कायमचे, न बदलणारे नाव असावे. बहुतेक अडचणी येथूनच उद्भवतात, आणि बहुतेक लोक त्या अन्यत्र शोधतात. सर्व्हरचे पॅकेज नेहमीच्या रीतीने बसते. ते स्वतःसाठी २ जीबी स्मृती मागते. यंत्र लहान असल्यास हा आकडा मांडणीत कमी करावा लागतो. ८१४० हे पोर्ट एजंटांसाठी उघडे ठेवावे. एजंटच्या मांडणीत सर्व्हरचे नाव लिहावे. न लिहिल्यास तो ‘पपेट’ याच नावाचे यंत्र शोधू लागतो.

यानंतर ओळख पटविण्याचा टप्पा येतो. पहिल्या फेरीत एजंट आपल्या यंत्रावर एक गुप्त किल्ली तयार करतो; ती ते यंत्र सोडून कोठेही जात नाही. सर्व्हरकडे जाते ती केवळ प्रमाणपत्राची मागणी. प्रशासकाने त्या मागणीची अंकमुद्रा प्रत्यक्ष यंत्रावर दिसणाऱ्या मुद्रेशी ताडून पाहावी व मगच सही करावी. हा व्याप टाळण्यासाठी सर्व मागण्यांवर आपोआप सही होण्याची सोय आहे. ती वापरणे म्हणजे दप्तराची किल्ली दाराबाहेर टांगणे होय, कारण सर्व्हरकडून मिळणाऱ्या यादीत परवलीचे शब्दही असू शकतात. सही झाली की पुढील फेरीत यादी मिळते.

यंत्रांची अपेक्षित स्थिती सर्व्हरवरील ‘मॅनिफेस्ट’ नावाच्या मजकुरात लिहितात : अमुक पॅकेज असावे, अमुक सेवा चालू असावी, अमुक फाइलचा मजकूर असा असावा. येथे नवशिक्यांचा एक गैरसमज हमखास होतो. मॅनिफेस्टमधून एखादी ओळ खोडली म्हणजे ती वस्तू यंत्रांवरून नाहीशी होत नाही. पपेट केवळ तिच्याकडे लक्ष देणे थांबवितो. वस्तू काढावयाची असेल, तर ती ‘नसावी’ असे स्पष्ट लिहावे लागते.

जी व्यवस्था ४० यंत्रे अर्ध्या तासात सुधारते, ती चुकीची एक ओळ पडताच तीच ४० यंत्रे तितक्याच वेळात बिघडविते. म्हणून प्रत्येक बदल प्रथम एकाच यंत्रावर ‘नो-ऑप’ पद्धतीने चालवावा. या पद्धतीत एजंट काय बदलले असते एवढेच सांगतो, प्रत्यक्ष काही करीत नाही. तो अहवाल वाचल्यावर त्याच यंत्रावर बदल खरा करावा, व तेथील काम सुरळीत चालल्याचे पाहून मग इतरांवर सोडावा. एखादे यंत्र बाद केले अथवा नव्याने भरले, तर त्याचे जुने प्रमाणपत्र सर्व्हरवरून त्याच दिवशी रद्द करावे; अन्यथा त्याच नावाने आलेल्या नव्या यंत्राला सर्व्हर दाद देत नाही.