टीबीची रक्ततपासणी : रिपोर्ट काय सांगतो, काय सांगत नाही

घरात एकाला फुफ्फुसाचा टीबी निघाला की बाकीच्यांनाही तपासणी सांगतात. त्यात कधी ‘इग्रा’ नावाची रक्ततपासणी असते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घर हादरते, निगेटिव्ह आला की निर्धास्त होते. दोन्ही घाईचे आहे. म्हणून या वेळी आम्ही या तपासणीची माहिती देत आहोत.

जंतू ओळखणाऱ्या पेशी

रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये ‘टी पेशी’ असतात. प्रत्येक टी पेशी ठरावीक जंतूचा ठरावीक तुकडाच ओळखते. टीबीचा जंतू शरीरात शिरला की त्याला ओळखणाऱ्या टी पेशी वाढतात आणि त्यांतल्या काही वर्षानुवर्षे टिकतात. पण त्या फार थोड्या असतात आणि दिसायला इतरांसारख्याच. मग शोधायच्या कशा? त्यांना जंतूचा तुकडा दाखवायचा आणि त्या काय करतात ते पाहायचे.

लॅबमध्ये काय करतात?

रक्त वेगवेगळ्या नळ्यांत घेतात. एका प्रकारच्या नळीत टीबीच्या जंतूची ईसॅट-6 आणि सीएफपी-10 ही प्रथिने असतात. एका नळीत काहीच नसते. आणखी एकीत कोणत्याही टी पेशीला चेतवणारा पदार्थ असतो. नळ्या 37 अंश उष्णतेत 16 ते 24 तास ठेवतात. जंतू ओळखणाऱ्या पेशी असतील तर त्या ‘इंटरफेरॉन गॅमा’ नावाचे द्रव्य सोडतात. ते मोजून रिकाम्या नळीशी तुलना करतात.

चेतवणाऱ्या नळीतही पेशी गप्प राहिल्या, तर रिपोर्ट ‘अनिश्चित’ येतो. त्याला निगेटिव्ह समजू नये.

‘एलिस्पॉट’ या दुसऱ्या पद्धतीत पेशी वेगळ्या काढून खास थाळीत ठेवतात. प्रतिसाद देणारी प्रत्येक पेशी एक ठिपका उमटवते, ते ठिपके मोजतात. 1996 पासून ‘टेट्रामर’ ही पद्धतही आहे. त्यात चमकणारी खूण थेट पेशीला चिकटवून यंत्राने मोजतात. ती मुख्यतः संशोधनात वापरतात.

लहानपणी बीसीजी टोचलेल्यांची हातावरची जुनी मांटू चाचणी कधी कधी लसीमुळेच फुगते. इग्रातली दोन्ही प्रथिने बीसीजी लसीत नाहीत, म्हणून ही अडचण येत नाही.

काय सांगत नाही?

जंतू शरीरात असणे वेगळे आणि टीबीचा आजार होणे वेगळे. जंतू शिरलेल्या 100 जणांपैकी साधारण 5 ते 10 जणांना आयुष्यात कधीतरी आजार होतो. एचआयव्ही असलेल्यांना आणि लहान मुलांना धोका जास्त. टी पेशी मात्र दोन्ही अवस्थांत प्रतिसाद देतात. त्यामुळे आज आजार आहे की नाही, हे इग्रा सांगू शकत नाही. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाचा रिपोर्ट आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकतो. उलट, उपचार पूर्ण झाल्यावरही तो अनेकदा पॉझिटिव्हच राहतो.

रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ठरवणाऱ्या चाचण्या वेगळ्या. त्या चुकीचे निकाल देतात म्हणून 2012 साली भारत सरकारने त्यांवर बंदी घातली.

लक्षात ठेवा

1. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम यांपैकी काही असेल, तर रक्ताचा रिपोर्ट काहीही असो, बेडक्याची तपासणी आणि एक्स-रे करून घ्या. सरकारी दवाखान्यात हे मोफत होते.
2. इग्रा पॉझिटिव्ह पण लक्षणे नाहीत, तर आधी आजार नसल्याची खात्री करतात आणि मग प्रतिबंधक गोळ्या देतात. रोज घेण्याच्या गोळ्या सहा महिने असतात, आठवड्यातून एकदा घेण्याच्या 12 आठवडे. बरे वाटते म्हणून त्या मध्येच सोडू नका.
3. घरात टीबीचा रुग्ण असेल, तर पाच वर्षांखालील मुलांना आजार नसल्याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषध देतात. त्यासाठी इग्रा लागत नाही. पैसे जमेपर्यंत थांबू नका, आशाताईंना आजच सांगा.
4. इग्रा पॉझिटिव्ह आलेल्या निरोगी माणसापासून कुणाला टीबी लागत नाही. त्याचे ताट-वाटी वेगळे करू नका.