नसलेल्या विमानाला खारा वारा

ये, बस. दार लोट आधी. अभ्यासाच्या वेळेला मी तुझ्याशी विमानांवर बोलतेय हे आईला कळलं, तर दोघींची धडगत नाही. दादाने चेष्टा केली म्हणून अर्धवट मॉडेल माळ्यावर टाकलंस ना? मी काढून आणलंय.

'असलं विमान नव्हतंच' हे त्याचं म्हणणं खरंय. मरुत हवाई दलाचं लढाऊ विमान, विमानवाहू नौका विक्रांतवर ते कधी उतरलं नाही. पण तुला सुचलंय मात्र भारी, हं! मरुतचं पहिलं उड्डाण १९६१चं आणि विक्रांत नौदलात आली तीही १९६१मध्येच. कुर्ट टँकने बंगळुरूत आखलेलं ते विमान नौदलाने मागितलं असतं तर? एवढीच तुझी थाप. पण थाप मारायची तर पुढचं सगळं चोख हवं, बाई.

१:७२ने मरुतची लांबी २२ सेंटिमीटर, पंखांची रुंदी १२.५. मापं बरोबर आहेत तुझी. पण पंख दुमडते कशाला केलेस? विक्रांतवरच्या सी हॉकचे पंख जवळजवळ १२ मीटर, म्हणून ते दुमडायचे. मरुतचे ९च. त्याची पंचाईत लांबीची, ते पडतं जवळपास १६ मीटर. पुढे विक्रांतवरच आलेल्या सी हॅरियरचं नाक बाजूला वळायचं. तूही नाकच वळतं कर. शेपटीखाली यू-पिन वाकवून हुक लाव, नाहीतर डेकवरची तार धरणार कशाने? चाकांचे पायही जाड हवेत. डेकवर विमान अलगद टेकत नाही, आपटतं.

रंगाला घाई नको. आपल्याकडे आषाढ-श्रावणात स्प्रे मारलास तर दमट हवेने रंग पांढरट पडतो. आणि कॉकपिटची काच झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावू नकोस. मी लावली होती, रात्री डबा बंद करून झोपले. सकाळी वाफेने काच मोतीबिंदू झाल्यासारखी! रडले होते गं. काचेला साधा पांढरा गोंद लाव, सुकला की दिसतही नाही. तिच्या चौकटीची रेघ मात्र पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतात तशी ओढ. मनगट टेकवायचं, श्वास धरायचा आणि एकदाच.

आता गंमत ऐक. आधी सगळ्याला चंदेरी रंग दे. सुकला की पंखांच्या कडा पाण्याने जराशा ओल्या कर आणि खडं मीठ भरडून चिमटीने तिथे टाक. मीठ घट्ट बसलं की वरून गडद राखाडी रंग. तो वाळल्यावर जुन्या टूथब्रशने मीठ घासून काढ. खालची चांदी डोकावते, खाऱ्या वाऱ्याने रंग उडाल्यासारखी. पाण्याने धू मात्र नक्की. आणि बेताने गं! १ मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या विमानावर ७ सेंटिमीटरांचा.

रविवारी कोळीवाड्यात जाऊ. खारं पाणी लोखंडाला आधी कुठून खातं ते होड्यांच्या बिजागऱ्यांवर नीट बघ, फोटो काढ, मगच मीठ हातात घे. आणि हे माळ्यावर परत ठेवू नकोस, उंदीर झालेत. माझ्या कपाटात जागा केलीय.