यशाचे माप कोणाचे?

शास्त्रपाठ : मार्क १२:४१-४४

बाजारात धान्य घेताना माप खोटे तर नाही ना, हे आपण बारकाईने पाहतो. पण स्वतःचे आयुष्य मोजताना माप कोणाचे आहे, असे आपण क्वचितच विचारतो. शेजाऱ्याने पक्के घर बांधले, भावाचा मुलगा शहरात मोठ्या पगारावर लागला, की आपण मनातल्या मनात हरतो. वीस वर्षे एकाच खेड्यात झटणारा उपदेशकही अहवालातील लहान आकडे पाहून आपला जन्म फुकट गेला असे म्हणू लागतो. हे दुःख खरे आहे, म्हणून त्याचा विचार करू.

ह्या बाबतीत पंडिता रमाबाईंचे चरित्र बोधप्रद आहे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. सभा गाजवाव्या व मान मिळवावा, हे यशाचे माप त्यांस आयतेच मिळाले होते. ते त्यांनी आपण होऊन बाजूस ठेविले. १८८९ साली त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन काढिले व पुढे ते पुण्यास नेले. १८९३ साली धर्मांतराचा बोभाटा होऊन अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. जगाच्या मापाने हा मोठा पराभव होता. तरी काम थांबले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणिल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांस अक्षरओळख, शेती, विणकाम व छापखान्याचे काम शिकविण्यात आले.

अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. ज्या संस्कृत शब्दांनी त्यांस पदव्या मिळवून दिल्या, तेच शब्द त्यांनी येथे होता होईल तो टाळिले. कारण कमी शिकलेल्या बाईसही ते वाचून समजावे, हे त्यांचे माप होते. त्या १९२२ साली वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

आता तीन गोष्टी ध्यानात घेऊ.

१. माप काम करण्यापूर्वी ठरवावे. हरल्यावर बदललेले माप म्हणजे कोल्ह्याची आंबट द्राक्षे होत. रमाबाईंनी जुने माप सोडिले, तेव्हा त्या मापाने त्या भरपूर भरत होत्या.

२. स्वतः निवडलेले माप सोपे असेल तर सावध व्हावे. खरे माप अधिक मागते. पाठातील विधवेने दोन टोल्या टाकिल्या. पण तिच्यापाशी मागे काय उरले, ह्यावरून तिचे दान मोजिले गेले.

३. आळस व अन्याय ह्यांस समाधानाचे नाव देऊ नये. मालक मजुरी बुडवीत असेल तर ती मागणे हा लोभ नव्हे. 'मला थोडक्यात सुख आहे' असे म्हणून लेकरांची शाळा सोडविणे, हे यशही नव्हे व संतोषही नव्हे.

तर मग, उपदेशक बंधो, आपल्या वहीत हजेरीच्या आकड्याशेजारी आणखी एक ओळ लिहीत जा : ह्या वर्षी किती जणांस सातबाराचा उतारा स्वतः वाचता येऊ लागला? किती घरांतील दारू सुटली? आणि बहिणींनो, सुनेस सासरी भीती वाटेनाशी झाली, हे कोणत्या अहवालात लिहितात? तरी ते मोजण्याजोगे आहे.

मननासाठी प्रश्न : मी सध्या कोणाच्या मापाने स्वतःस मोजीत आहे? माझे माप मी स्वतः निवडिले, तर त्याने माझ्याशिवाय आणखी कोणाचे भले होईल?